कर्ब, कार्बन की कर्बवायू? अन् ‘उत्सर्जन’ला दुसरा शब्द आहे का?

नागपूरजवळ बुटीबोरीत एका युनिटात डिस्पॅच बघतो. पुण्याच्या कस्टमरनं फॉर्म पाठवला, माल आमच्या गेटवर येईस्तोवर किती कार्बन निघतो ते भरा म्हणे, तर वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून डिझेलचे आकडे मागवायला मराठीत पत्र काढलं, ‘पुरवठा साखळीतील कर्ब उत्सर्जन कमी करणेबाबत’. एका ट्रकमालकाचा लगेच फोन, काटोलकडं त्यांची संत्र्याची बाग आहे, म्हणे भाऊ, माती तपासणारा सेंद्रिय कर्ब वाढवा म्हणून राहिला अन् तुम्ही कमी करा म्हणता, करू काय नेमकं? वरून त्यांची पोरगी हसून राहिली, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्सर्जन म्हणजे किडनीचा धडा.

— त्यांचं बरोबरच आहे नं! कर्ब म्हणजे मूलद्रव्य, मातीत असला तर सोनं, कर्बोदकांत पण तोच. धुरातून जातो तो कर्बवायू, कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हा फरक नुसता शब्दांचा नाही, 12 किलो कर्ब जळताना हवेतला 32 किलो ऑक्सिजन ओढून घेतो अन् 44 किलो वायू होतो. म्हणून तर किलोभरही वजन नसलेल्या एक लिटर डिझेलचा साधारण 2.7 किलो वायू निघतो. फॉर्ममध्ये ‘टन कार्बन’ लिहिलं तर हिशोब साडेतीनपटीच्या वर चुकेल.

— उत्सर्जन चूक नाही, बाहेर टाकणं एवढाच अर्थ, किडनी असो की सायलेन्सर. पण ट्रकवाल्याला ‘धुरातून जाणारा वायू’ लिहा, काही बिघडत नाही.

— अन् स्कोप थ्रीला, म्हणजे उत्सर्जनाच्या हिशोबातल्या तिसऱ्या गटाला, काय लिहायचं? ‘व्याप्ती 3’ वाचून मला तर सातबारा आठवतो.

— स्कोपच राहू द्या. तुमचा बॉयलर अन् स्वतःचा टेम्पो स्कोप वन, विकत घेतलेली वीज टू, भाड्याचा ट्रक थ्री. गंमत म्हणजे तोच ट्रक त्याच्या मालकाच्या खात्यात वन.

— धन्यवाद सगळ्यांना. शेवटी पत्रात कर्ब काढूनच टाकला, फेरीला किती लिटर डिझेल लागलं अन् परतीला गाडी भरून आली का तेवढं विचारलं. चार दिवसांत आकडे आले. एकानं शेऱ्यात लिहिलं ‘गाडी खाली आली’, मी तसंच पुढं पाठवलं, तर पुण्याहून फोन, खाली म्हणजे घाटातून का?