प्रतिसाद: एमआरआय नॉर्मल म्हणजे नैराश्य नाही?

'नैराश्य खरं असेल तर एमआरआयमध्ये दिसेलच', असं वर लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. २०१६मध्ये १,७२८ रुग्णांची ७,१९९ निरोगी लोकांशी तुलना झाली. नैराश्याच्या रुग्णांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग, सरासरी जेमतेम सव्वा टक्क्याने लहान निघाला. वारंवार नैराश्य येणाऱ्यांत फरक थोडा जास्त. पण ही सरासरी आहे हो! एकट्याच्या फिल्मवरून निदान होत नाही.

यावलकडच्या आमच्या काकांचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि घरच्यांनी 'नाटकं करतो' म्हणत गोळ्या बंद केल्या. केळीला मोटर लावून काका बांधावर बसायचे. पाणी शेजारच्या वावरात शिरायचं, तरी उठायचे नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळ्या परत सुरू केल्या. दोनेक महिन्यांनी काकूला स्वतःहून म्हणाले, आज कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी टाक.