मिरगापासून चवथीपर्यंत: पत्र्याखाली ऐकायला कोणते मेटल अल्बम?

पत्र्याखालचा
घर गोव्यात वाळपईजवळ, पुढच्या खोलीवर लोखंडी पत्रा. पाच इंची वूफरचे दोन स्पीकर भिंतीला टेकून, बसायची जागा तीन मीटरवर. पावसाची झड लागली की डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ वाजतोय की नुसता पत्रा, तेच कळत नाही. आवाज वाढवला तर कानाला टोचतो आणि रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी ओळ) तरीही हरवतोच. ‘पावसाळी मेटल’ म्हणून जे सुचवलं जातं ते बहुतेक नॉर्वे-फिनलंडच्या बर्फातलं. आपल्या पावसाला चालतील असे अल्बम सांगा, आणि का चालतील तेही.

डाउनट्यून
गाण्यात पाऊस आहे का, हे बघून अल्बम निवडू नका. बाहेरच्या पावसाच्या वर काय ऐकू येईल ते बघा.

पत्र्यावरचा पाऊस खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला असतो, पण सगळ्यात जास्त झाकतो तो वरचा सळसळाट, साधारण २ ते ८ किलोहर्ट्झचा. ट्रेमोलो पिकिंगची (एकच तार झरझर छेडण्याची) धार आणि सिंबल नेमके तिथेच. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केलेला. गिटार पातळ आणि कर्कश, बेस दबलेला, ड्रम जवळजवळ एकाच चालीत. तो अल्बम कोरड्या, स्तब्ध थंडीचा आहे. जानेवारीत पहाटे तुमच्या सत्तरी तालुक्यात धुकं उतरतं तेव्हा लावा, एकेक पदर सुटा ऐकू येईल.

पावसात टिकते ती लांब खेचलेली, मधल्या पट्टीतली जाड नोट. गोंगाट सतत हलत असतो, स्वर जागेवर असतो, म्हणून कान त्याला धरून ठेवतो. म्हणजे डूम, मेटलमधला संथ, जड प्रकार.

पहिला नंबर ब्लॅक सॅबथच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’चा (१९७१). पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. तारा सैल असल्या की दाबायला सोपं जातं, म्हणून इथल्या बऱ्याच गाण्यांत गिटार तीन सेमिटोन (अर्धे स्वर) खाली उतरवलेली आहे. ‘इन्टू द व्हॉइड’ भर झडीत लावून बघा, रिफचा एकही कोपरा झिजत नाही.

त्यांच्या १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात पाऊस, गडगडाट आणि घंटेने होते, पण खऱ्या पावसात ती अर्धी बुडते. आपल्याला हवा तो पुढचा रिफ: जी, वरच्या सप्तकातला जी, मग डी फ्लॅट. तीनच नोटा, आणि शेवटची इतका वेळ लोंबकळते की पागोळ्या मध्ये येऊनही तुटत नाही. स्लेअरच्या ‘रेन इन ब्लड’चंही (१९८६) तेच. शेवटी रेकॉर्ड केलेला पाऊस आहे. पत्र्याखाली अल्बम संपला कधी ते कळत नाही.

कँडलमासचा ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ (१९८६) गाणाऱ्याच्या भरदार, मोकळ्या आवाजासाठी. ‘सॉलिट्यूड’ची सुरुवात मात्र हळू आवाजातली आहे, तेवढी सर ओसरू द्या.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात. त्या दिवसांत जर्मन बँड अहाबचा ‘द कॉल ऑफ द रेचेड सी’ (२००६). देवमाशाच्या शिकारीवरचा फ्युनरल डूम (डूमहूनही संथ), तासाभराहून लांब. मधूनच लावू नका, त्याचा भार हळूहळू चढतो.

श्रावणसर
झडीसाठी वरचं सगळं मान्य. पण श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की नुसता डूम जड होतो. तेव्हा ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) आणि अ‍ॅगलॉकचा ‘द मँटल’ (२००२). दोन्हींत अकूस्टिक गिटार भरपूर, म्हणून उघडीप हवीच, नाहीतर ओपेथच्या ‘डर्ज फॉर नोव्हेंबर’ची पहिली दोन मिनिटं पाण्यात गेली समजा.

टाइप ओ निगेटिव्हचा ‘ऑक्टोबर रस्ट’ नाव बघून ऑक्टोबरमध्ये लावू नका. तो पानगळीचा ऑक्टोबर आहे, आपला घामाचा. चवथीनंतरच्या ओल्या, काळोख्या संध्याकाळी त्याला जास्त शोभतात.

सिलिका
अल्बम बदलण्याआधी स्पीकर हलवा. भिंतीपासून ४०-५० सेंटिमीटर पुढे घ्या आणि तीन मीटरऐवजी दीड मीटरवर बसा. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, नॉबला हात न लावता. इक्वलायझरवर २०० हर्ट्झला ३ डेसिबल कमी, १.५ किलोहर्ट्झला २ जास्त. बेस वाढवायचा मोह टाळा. छोटा वूफर घोंघावतो आणि रिफ आणखी गढूळ होतो.

हेडफोन घेणार असाल तर बंद कपाचा. नॉइज कॅन्सलिंग एसीची किंवा पंख्याची घरघर कापतं. वरचा सळसळाट मुख्यतः कपाची गादीच अडवते, म्हणून गादी कानाभोवती नीट बसली पाहिजे. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९४ ला एकच तास.

वीज गेल्यावर अ‍ॅम्प स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवू नका, स्पीकरमधून गुणगुण येते. प्युअर साइन वेव्ह लागतो. मिरगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात गडगडू लागलं की प्लग ओढून काढा, इंटरनेटची वायरसुद्धा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि स्टॅबिलायझर विजेपासून वाचवत नाही.

पत्र्याखालचा
स्पीकर पुढे घेतले, दीड मीटरवर बसलो. ‘इन्टू द व्हॉइड’ स्वच्छ ऐकू येतंय. आणखी एक: काही कॅसेटच्या रिळावर कडेने पांढरं दिसतंय. पुसून लावू का?

सिलिका
लावू नका. ती बुरशी आहे. प्लेयरच्या हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाकीच्या कॅसेटपासून आजच वेगळी करून पिशवीत बंद करा. चांगल्या असतील त्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास वाळवून परत वापरा. डांबरगोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेने सीडीची पारदर्शक डबी खराब होते. एलपी उभ्या ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. ओल आधी तिथेच धरते.