सासूबाईंचं नाव सातबाऱ्यावर राहावं असं सुनेलाच वाटतंय, बोलू का?

खळ्यातली_सून:
आम्ही डोंबिवलीला, घर देवगड तालुक्यात. सासरे शिमग्याच्या आधी गेले. राहतं घर, हापूसची कलमं, मागे थोडी काजू, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नाही. मागे सासूबाई, माझा नवरा, धाकटे दीर आणि नणंद.

मे महिन्यात सगळे गावी जमलो तेव्हा भावोजींनी विषय काढला. आई आणि ताईने हक्कसोड दिलं की दोघा भावांच्या नावे सातबारा मोकळा. नवरा मान डोलावून बसला. सासूबाई खळ्यात सोलं आगळात बुडवून पुन्हा उन्हात पसरत होत्या. मनगटापर्यंत हात लाल. तिथूनच म्हणाल्या, "माका नाव कित्याक व्हया? झील आसत मा." वर बघितलंसुद्धा नाही. मग जेवणाची पानं वाढली.

कलमं लहान असताना विहिरीवरून कळश्या वाहिल्या त्यांनी. आजही आंबा उतरवायला गडी त्या ठरवतात, पेट्या समोर बसून भरून घेतात, वाशीच्या दलालाशी फोनवर भांडतात. आणि कागदावर त्याच नकोत? आमचं काही गूळपीठ नाही हं. मी साफ केलेले बांगडे त्या अजून पुन्हा धुतात. पण हे मला पटत नाही. नवरा म्हणतो, तू यात पडू नकोस.

निवृत्त_आबा (महसूल खात्यात होतो):
मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुलगी सारखेच वारस. तुमच्याकडे चौघांना पाव-पाव. जमीन वडिलोपार्जित असली तरी २००५ पासून मुलीचा हक्क जन्मापासूनचा. आधी चौघांची वारस नोंद करा, तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. हक्कसोड ही वेगळी गोष्ट, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा दिलं की परत मिळवणं महाकठीण. सातबारा मोकळा करण्याची घाई मुंबईवाल्यांनाच असते, असा माझा नोकरीतला अनुभव.

गुहागरकरीण:
माझ्या आजीने अशीच सही दिली होती. काकांनी पुढे कलमं व्यापाऱ्याला कराराने दिली. लोणच्याच्या कैऱ्यासुद्धा आजीला त्याच्या गड्याकडे मागाव्या लागायच्या. तिच्याशी कोणी वाईट वागलं नाही, औषधपाणी सगळं वेळेवर. फक्त तिला विचारायचं कारण उरलं नाही.
तुम्ही नणंदेशी बोला. तीही भाऊबीज तुटेल या भीतीने सही करत असणार. सासूबाई आणि त्या, दोघी एकत्र नाही म्हणाल्या तर कोणा एकीवर राग निघत नाही.

तिरकस_मालवणी:
वयनी, घोवाक फुडे करा. सून बोलली तर घर फोडल्यान, झील बोललो तर आवशीची माया.

निवृत्त_आबा:
हे मात्र खरं. आणि सासूबाईंनी द्यायचंच ठरवलं, तर हक्कसोडाऐवजी बक्षीसपत्र करा आणि 'मुलांनी सांभाळ करावा' ही अट त्यातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून घेता येतं. तोंडी वचनावर विसंबू नका.

खळ्यातली_सून:
ताईंना काल फोन केला. त्या आधी गप्पच, मग म्हणाल्या, "मी कधीची वाट बघत होते, कोणीतरी विचारेल म्हणून." नवऱ्याला फळपीक विम्यावरून पटवतेय : आईंचं नाव सातबाऱ्यावर असेल तर गावी राहून त्याच अर्ज भरतील, त्याला सुट्टी टाकायला नको. माया नाही तर सोय तरी कळेल. आबा, सासरे मुंबईला हॉस्पिटलमध्ये गेले, मृत्यूचा दाखला तिथला आहे. गावी चालेल ना?

निवृत्त_आबा:
चालेल. सोबत वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा, त्यात ताईंचं नाव वगळलेलं नाही ना ते स्वतः वाचून बघा.