मदत हवी आहे: फॉक्स-टू-बी जनुक, संवेदी चेतापेशी आणि बाळाचा श्वास

अबोली

नमस्कार. माझ्या भावाचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. झोप लागली की त्याचा श्वास उथळ होतो, ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. जागा झाला की बराचसा सावरतो. फुप्फुसं, हृदय, मेंदूचा एमआरआय, सगळं ठीक निघालं. शेवटी जनुकीय तपासणीत उलगडा झाला: कन्जेनायटल सेंट्रल हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम, म्हणजे सीसीएचएस, झोपेत आपोआप चालणारा श्वास मंदावणारा जन्मजात आजार. अहवालात लिहिलंय, 'फॉक्स-टू-बी जनुक, पॉलिअ‍ॅलॅनीन २०/२६' (जनुकाच्या एका प्रतीत अ‍ॅलॅनीन या अमिनो आम्लाची २० ची ओळ, दुसरीत २६ ची). ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात नळी) झाली आहे, झोपेत व्हेंटिलेटर लागतो.

डॉक्टर चांगले आहेत, वेळ देऊन बोलतात. पण घरी आल्यावर दादा-वहिनींचे प्रश्न माझ्याकडे येतात, कारण घरात प्राणिशास्त्र शिकलेली मी एकटीच. एम.एस्सी. होऊन मात्र बरीच वर्षं झाली. होमिओबॉक्स म्हटलं की स्पर्शिकेच्या जागी पाय उगवलेली फळमाशी आठवते. डीएनएची १८० बेसची ती पट्टी, तिच्यापासून ६० अमिनो आम्लांचा तुकडा बनतो, तो डीएनएला धरून दुसरी जनुकं चालू-बंद करतो, इथवर मी पोचले. पुढे अडलंय.

वाचलं ते असं की, फॉक्स-टू-बी नसेल तर आतल्या अवयवांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या संवेदी चेतापेशी नीट घडत नाहीत. मग आमचं बाळ जागेपणी तरी श्वास कसा घेतं? दोनांतली २० वाली प्रत तर धडधाकट आहे, ती पुरी का पडत नाही? सहा अ‍ॅलॅनीन जास्त झाल्याने एवढं होतं?

आणि एक. नात्यातल्या दोघी-तिघींनी वहिनीला ऐकवलंय की गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस म्हणून हे झालं. ती शिकलेली आहे, पण रात्ररात्र ऑक्सिमीटरच्या आकड्यावर डोळे लावून बसलेल्या बाईला असं बोलणं फार लागतं. नेमकं काय घडलं ते मला तिला सांगायचंय, आणि बरोबर सांगायचंय. कृपया मदत करा.

सह्यकडा

अबोली, उंदरांच्या मस्तिष्क स्तंभावर (मेंदूचा पाठीच्या कण्याकडे जाणारा देठ) काम केलंय, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

डोक्याकडच्या संवेदी चेतापेशी ढोबळमानाने दोन जातींच्या. एक, चेहऱ्याचा स्पर्श, दाढेची कळ वगैरे नेणाऱ्या. दुसऱ्या आतल्या खबरी नेणाऱ्या: चव, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, पोटाचा ताण. या दुसऱ्या सातव्या, नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क चेतांच्या गुच्छिकांमध्ये (चेतापेशींच्या गाठींमध्ये) असतात. घडत असताना पेशीने कुठल्या जातीत जायचं, हे फॉक्स-टू-बी ठरवतो. फ्रान्समधल्या एका गटाने २०११ मध्ये दाखवलं की उंदरांत हे जनुक काढलं, तर या गुच्छिकांतल्या पेशी पहिल्या जातीकडे वळतात. त्या पहिल्या जातीची खूण असलेलं ब्रन-थ्री-ए चालू ठेवतात (तेही होमिओबॉक्स जनुकच) आणि त्यांचे तंतूही चुकीच्या केंद्राकडे जातात. मला हा प्रयोग आजही विलक्षण वाटतो. याहून मोठी गोष्ट अशी की खबर आणणारी पेशी, ती जिथे उतरते ते मस्तिष्क स्तंभातलं केंद्र आणि तिथून हृदय-आतड्यांकडे हुकूम नेणाऱ्या पेशी, या सगळ्या साखळीला घडताना हेच एक जनुक लागतं. मानेतल्या धमनीशी ऑक्सिजन मोजणारा कॅरोटिड बॉडी नावाचा अवयवही त्यात आला.

तुमच्या भाच्यात हे जनुक नाहीसं झालेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. होमिओबॉक्सही शाबूत आहे. वाढ झाली आहे ती त्याच्यानंतर येणाऱ्या भागातल्या २० अ‍ॅलॅनीनच्या ओळीत. ती ओळ लांबली की प्रथिनाची घडी बिघडते, त्याच्या गुठळ्या होतात, ते पेशीच्या केंद्रकात, जिथे डीएनए असतो तिथे, कमी पोचतं आणि चांगल्या प्रतीच्या प्रथिनालाही अडवतं. म्हणून एक चांगली प्रत पुरत नाही. उंदरांत एक प्रत पूर्ण काढून टाकली तरी ते जगतात. पण २००८ मध्ये २७ अ‍ॅलॅनीनची प्रत घातलेली पिल्लं जन्मानंतर लगेच मेली. मस्तिष्क स्तंभात खालच्या बाजूला कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो, तो त्यांच्यात जवळजवळ नव्हताच.

आता जागेपणाचं. जागेपणी हालचाल, रडणं, दूध ओढणं, नुसतं जागं असणंसुद्धा श्वासाला रेटा देतं. गाढ झोपेत हा रेटा जातो आणि श्वास जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइडच्या खबरेवर चालतो. ती खबरच पोचत नसेल तर श्वास मंदावणारच.

निशिगंध

अबोलीताई, मी नवजात शिशु विभागात आहे. वहिनींना हे सांगा: बहुतेक सीसीएचएस बाळांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना ती ओळ लांबते. कधी गर्भाच्या अगदी पहिल्या पेशी-विभाजनांत. खाणं, काम, ग्रहण, कशाचाच त्याच्याशी संबंध नाही. हे जनुक या आजाराशी जोडलं गेलं तेच २००३ मध्ये, त्यामुळे जुन्या पिढीला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना पाठ असू द्या. या मुलांना धाप लागत नाही. न्यूमोनियातही छाती ओढून श्वास घेताना दिसणार नाहीत, म्हणून 'शांत झोपलाय' यावर न जाता ऑक्सिमीटर बघा. पुढे पोहायला घातलं तर पाण्याखाली श्वास धरायचे खेळ बंद. शिवाय हृदयाचे ठोके मध्येच थांबतात का, यासाठी ठरावीक काळाने होल्टर (अंगाला लावून ठोक्यांची सलग नोंद करणारं यंत्र) लागेल. बद्धकोष्ठता किंवा पोट फुगणं असेल तर हिर्शस्प्रुंग आजाराबद्दल (आतड्याच्या काही भागात चेतापेशीच नसणं) विचारा. आतड्यातल्या चेतापेशींनाही हेच जनुक लागतं.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. वहिनीला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. सह्यकडा, तुमचा तिने दोनदा वाचायला लावला. आता एकच विचारते. दोघांनाही पुढे दुसरं मूल हवं आहे. त्यांची तपासणी कुठली करायची?

निशिगंध

दोघांच्या रक्तावर याच जनुकाची. अहवाल मागताना 'मोझेक आहे का तेही बघा' असं स्पष्ट लिहून द्यायला सांगा. काही पालकांत हा बदल थोड्याच पेशींत असतो आणि त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. तो थोडा असेल तर सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचण्याच्या तपासणीत) निसटू शकतो. तुकड्यांची लांबी मोजणारी फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिस त्यासाठी जास्त भरवशाची. दोघांचं निगेटिव्ह आलं तरी बीजपेशींपुरता मोझेक रक्तात दिसत नाही, म्हणून पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते. आधी जेनेटिक कौन्सेलरला भेटा, बाळाचा मूळ अहवाल सोबत न्या.