मदत हवी आहे: होस्ट अपग्रेड केला, आता टॅलीचं मशीनच चालू होत नाही

मकरपुरा_७
बडोदा, मकरपुरा जीआयडीसी. प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवणारी सिस्टम) होस्ट क्लस्टरमध्ये एकत्र जोडलेत. काल रात्री एका होस्टवर ८ चा ९ केला. रीबूटनंतर तो होस्ट पिंगलाही उत्तर देत नाही. दुसऱ्या होस्टवर टॅलीचं मशीन चालू करायला गेलो तर ‘क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम?’ एवढंच येतं. नऊला डिस्पॅच सुरू होतो, बिलं टॅलीतूनच निघतात. लवकर सांगा.

रात्रपाळी
होस्ट एकूण किती, दोनच का? एचए (होस्ट पडला की मशीनं आपोआप दुसरीकडे सुरू करणारी सोय) लावलंय? मशीनंच्या डिस्क सगळ्या होस्टना सामाईक अशा शेअर्ड स्टोरेजवर आहेत की ज्याच्या त्याच्या लोकल झेडएफएसवर (होस्टच्या स्वतःच्या डिस्कवरची फाइल सिस्टम)? पडलेल्या होस्टला मॉनिटर लावलात का, लॉगिन येतंय की ग्रबवरच (बूट मेनूवर) अडकलाय? हे कळेपर्यंत कुठलीही कमांड मारू नका.

निळी_केबल
मेजर व्हर्जन जागच्या जागी अपग्रेड करूच नये. होस्ट कोरा करा, ९ नव्याने टाका, मशीनं बॅकअपमधून उठवा. तासाभरात काम होतं आणि जुना कचराही जातो.

सूरसागर
मध्ये लाइट गेली होती का? यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांच्या झाल्या असतील तर आधी त्या लोड देऊन तपासा. अपग्रेडच्या मधोमध वीज गेली की पॅकेजं अर्धवट बसतात.

मकरपुरा_७
लाइट गेली नाही. होस्ट दोनच, एचए नाही, लोकल झेडएफएस. अपग्रेडआधी सगळी मशीनं दुसऱ्यावर हलवली होती. बाकीची चालू आहेत, टॅलीचं तेवढं बॅकअपसाठी बंद केलं होतं. मॉनिटरवर लॉगिन येतंय.

रात्रपाळी
मग होस्ट शाबूत आहे, फक्त नेटवर्क गेलंय.

आधी टॅली. क्लस्टरमध्ये प्रत्येक होस्टचं एक मत असतं. दोन मतांपैकी एक गेलं की बहुमत, म्हणजेच कोरम, उरत नाही आणि क्लस्टरचं कॉन्फिगरेशन रीड-ओन्ली होतं. चालू मशीनं चालत राहतात, बंद मशीन मात्र सुरू करता येत नाही. चांगल्या होस्टवर ‘पीव्हीसीएम एक्स्पेक्टेड १’ द्या आणि टॅली चालू करा. तुमच्याकडे हे चालेल, कारण डिस्क लोकल आहेत आणि टॅली त्याच होस्टवर आहे. शेअर्ड स्टोरेज असतं तर एकच मशीन दोन्हीकडून सुरू होऊन डिस्कची वाट लागायची भीती होती. दुसरा होस्ट परत जोडला गेला की मतांचा आकडा आपोआप दोनवर येतो.

आता नेटवर्क. ८ चा नेहमीचा कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.८, तर ९.० बरोबर ६.१४ येतो. नव्या कर्नलवर काही नेटवर्क कार्डांची नावं बदलतात, शेवटी ‘एनपी०’ वगैरे जोडलं जातं. मशीनंना कार्डाशी जोडणारा ‘व्हीएमबीआर०’ ब्रिज जुनंच नाव शोधत बसतो. मॉनिटरवर ‘आयपी -बीआर लिंक’ द्या, मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) जुळवून नवं नाव ओळखा, इंटरफेसेस फाइलमध्ये ब्रिज-पोर्ट्सच्या ओळीत घाला, मग ‘आयएफरीलोड -ए’.

निळी_केबल
एवढा खटाटोप कशाला? कोरं इन्स्टॉल केलं असतं तर कार्डाचं नाव इन्स्टॉलरनेच बरोबर घेतलं असतं.

रात्रपाळी
एकट्या होस्टला तुमचं म्हणणं पटतं. क्लस्टरमध्ये आधी ‘डेलनोड’ करून होस्ट क्लस्टरमधून काढावा लागतो, आणि काढलेला होस्ट जुन्या इन्स्टॉलेशनसकट पुन्हा जोडला तर क्लस्टर बिघडतो. उरलेल्या एकाच होस्टवर अख्खा कारखाना चालू असताना हे सकाळी सातला सुचवू नका.

कोठी_रोड
मध्येच विचारतो, आमच्याकडे प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ७ आहे. त्याचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८ वर जायचा क्रम काय?

रात्रपाळी
आधी व्हीसेंटर (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर), मग होस्ट, मग व्हीएमवेअर टूल्स, आणि व्हर्च्युअल हार्डवेअर व्हर्जन अगदी शेवटी. ते चढवलं की खाली उतरवता येत नाही. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

मकरपुरा_७
टॅली चालू झालं! कार्डाचं नाव खरंच बदललं होतं. होस्टही परत आला, क्लस्टर हिरवा दिसतोय. आता दुसरा होस्ट लगेच करू का? आणि मशीनं परत पहिल्यावर नेली तर चालेल ना?

रात्रपाळी
जुन्या व्हर्जनवरून नव्यावर लाइव्ह मायग्रेशन (मशीन बंद न करता हलवणं) चालतं, उलट्या दिशेची खात्री नाही. त्यामुळे सगळी मशीनं आता ९ वर न्या आणि रिकामा झालेला होस्ट येत्या रविवारी करा. सीपीयू टाइप ‘होस्ट’ असेल आणि दोन्हीकडचे प्रोसेसर वेगळे असतील तर चालू मशीन हलवताच कोसळू शकतं. अशी मशीनं बंद करून हलवा.

त्याआधी पहिल्या होस्टवर कार्डांची नावं पक्की करा. ९ मध्ये ‘पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग जनरेट’ आहे, तो निक०, निक१ अशी नावं मॅक पत्त्याशी बांधतो. मग रीबूट. दुसऱ्या होस्टवर आधी ८.४ पर्यंतचे सगळे अपडेट, मग ‘पीव्हीई८टू९ --फुल’ ही तपासणी चालवा आणि त्यातला एकही इशारा सोडू नका. एपीटीला ‘डिस्ट-अपग्रेड’च द्या, नुसतं ‘अपग्रेड’ नाही. हे वेब शेलमधून करू नका, वेब सेवा मधेच रीस्टार्ट होते. एसएसएच आणि टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा) वापरा. झेडएफएसला नव्या व्हर्जनवर नेणाऱ्या ‘झेडपूल अपग्रेड’ची घाई नको, जुन्या कर्नलवर परतायची वाट बंद होऊ शकते.

सूरसागर
टॅलीचं मशीन विंडोजवर असेल ना? त्याचं मशीन व्हर्जन (व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती) याच दिवशी बदलू नका. बदललं की विंडोजला नेटवर्क कार्ड नवं वाटू शकतं, फिक्स आयपी जातो आणि लोक होस्टमध्ये चूक शोधत बसतात.

कोठी_रोड
दोन होस्टना तिसरं मत हवंच. डेबियनचं कुठलंही छोटं मशीन चालेल. त्यावर कोरोसिंक-क्यूनेटडी, दोन्ही होस्टवर कोरोसिंक-क्यूडिव्हाइस, मग ‘पीव्हीसीएम क्यूडिव्हाइस सेटअप’.

मकरपुरा_७
तपासणीत हजेरीच्या कंटेनरवर (होस्टचाच कर्नल वापरणारं हलकं मशीन) इशारा येतोय. आत सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे.

निळी_केबल
तो ९ वर चालणार नाही. त्यातला सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) २१९ आहे, त्याला सीग्रुप व्ही१ (कर्नलची साधनं वाटून देणारी जुनी पद्धत) लागतो आणि ९ मधून तो काढून टाकलाय. तेवढा कंटेनर ८ वरच ठेवा आणि रविवारच्या आत हजेरी पूर्ण व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) हलवा. व्हीएमला स्वतःचा कर्नल असतो, त्यात सेंटओएस ७ चालतं.

मकरपुरा_७
ठीक. आज रात्री व्हीएम बनवतो, बॅकअप वेगळ्या आयडीवर नेटवर्क तोडून उठवून बघतो आणि इथे कळवतो.