घरशिक्षण: गोष्टी, कविता, चित्रं यांच्या आधाराने सुरुवात कशी करावी? (मुलं साडेसहा आणि चार)

पाऊलवाट
नमस्कार. मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा चारचा. मुलीला घरीच शिकवायचं आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं आहे, त्यामुळे 'शाळेत घाला' हा सल्ला कृपया नको. पाठ्यपुस्तकं आणि वर्कशीट यांच्याऐवजी गोष्टी, कविता, चित्र, गाणं यांवर सगळं उभं करायचं आहे.

मर्यादा आधीच सांगते. तयार अभ्यासक्रम घेणार नाही, तेवढे पैसे नाहीत. महिन्याला फार तर दोन पुस्तकं विकत, बाकी वाचनालय. वेळ सकाळचे दोन तास, दुपारी मी घरून काम करते.

दिवसाची आखणी कशी करावी? रंग कोणते घ्यावेत? गणित यात कुठे बसतं? आणि मुख्य म्हणजे मुलीला अक्षरं ओळखता येतात, पण जोडून वाचत नाही. तिला गोष्टी वाचून दाखवत राहू की आधी वाचायला शिकवू?

निळी शाई
आम्ही पूर्ण वर्षाचा तयार संच मागवला. पुस्तकं, चित्रांचे प्रिंट, कुठल्या दिवशी कुठली पानं वाचायची याचं वेळापत्रक, सगळं एका खोक्यात. सकाळी उठून 'आज काय शिकवू' हा प्रश्नच राहत नाही. महाग आहे, पण दोन मुलांत वाटून पाहिलं तर तेवढं वाटत नाही. माझा लेक सात वर्षांचा असताना जाडजूड पुस्तकं स्वतःची स्वतः वाचत होता. हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुठून घेतला ते सांगते.

वाचनवेडी
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

कुंचला
चित्रकला शिकवण्यात नोकरी गेली, तेवढ्यापुरतं बोलतो. आखलेल्या चौकटीत रंग भरायची पुस्तकं घरात आणू नका.

कलाशिक्षणतज्ज्ञ लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या, त्या आजही कामाच्या आहेत. साधारण दोन ते चार वर्षांत गिरगोट्या, चार ते सातमध्ये डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, सात ते नऊमध्ये खाली जमिनीची रेघ आणि तिच्यावर घर, झाड, माणूस. तुमचा धाकटा एका पायरीवर नुकता चढतोय आणि थोरली तिथून पुढे निघायच्या बेतात आहे. त्याला 'ताईसारखं काढ' म्हणू नका. 'हे काय काढलंस?' असं कुणालाच विचारू नका, 'याच्याबद्दल सांग' म्हणा. आणि हत्ती काढून मागितला तर काढून देऊ नका. मोठ्यांचा हत्ती एकदा पाहिला की मूल स्वतःचा हत्ती काढायचं थांबतं. 'त्याचे कान किती मोठे? चालतो कसा, दाखव बघू' म्हणा. अंगात हत्ती आला की कागदावरही येतो.

साहित्य म्हणाल तर मोठे कागद (एका बाजूने वापरलेले चालतील), जाड ब्रश, आणि लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढेच पोस्टर रंग. बाकीचे रंग त्यांना सापडू द्या. बारा खणांच्या कोरड्या वड्यांची पेटी घेऊ नका. रंग फिका उठतो, मूल ब्रश घासत बसतं आणि कंटाळतं.

केशरी
सरांच्या हत्तीशी पूर्ण सहमत, पोस्टर रंगांशी नाही. शुद्ध मधमाशीच्या मेणाचे ठोकळे घ्या. लहान मुठीत ठोकळा छान बसतो, आडवा धरला की मोठा पट्टा उमटतो, रंगावर रंग चढतो. आमचा डबा महाग होता, पण अजून अर्धा शिल्लक आहे.

आणि ओल्या कागदावरचे जलरंग! कागद पाण्यात भिजवायचा, फळीवर पसरायचा, स्पंजाने टिपायचा. पहिल्या दिवशी फक्त पिवळा. मग पिवळ्याशेजारी निळा. हिरवा समोर उगवताना मुलांचे चेहरे बघा. ही शिक्षणविचारक रुडॉल्फ स्टाइनर यांची परंपरा, १९१९ साली स्टुटगार्टला त्यांची पहिली शाळा निघाली. तिथे वाचन सातव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं, अक्षरही आधी चित्रातून येतं. तेव्हा वाचनाची घाई अजिबात नको.

निळी शाई
मेणखडू आमच्या संचातही होते. एक उन्हात वितळून गादीला लागला, तो डाग आजतागायत निघालेला नाही. बाकी संच उत्तमच.

तर्कट
'घाई नको' हे सरसकट सांगणं धोक्याचं आहे. माझ्या भाच्याच्या बाबतीत सगळे हेच म्हणत राहिले, तयार झाला की वाचेल. नवव्या वर्षी डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) निघाला. तोवर तो स्वतःला ढ समजू लागला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ताई, घरच्या घरी एवढं बघा. तिला यमकं ऐकू येतात का? 'मका, मगर, मासा' यांच्या सुरुवातीला काय सारखं आहे, हे सांगते का? 'कागद'मधला 'का' काढला तर काय उरतं? तीच अक्षरं शिकून पुन्हा पुन्हा विसरते का? घरात आणखी कुणाला वाचायला जड गेलं होतं का? हे सगळं अडत असेल तर तज्ज्ञाला दाखवा. कान आणि डोळे तर तपासून घ्याच.

अडत नसेल तर तिला सरळ, पायरीपायरीने शिकवा. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे. मूल अडतं ते मात्रांशी आणि जोडाक्षरांशी. पहिली वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर आणि लिहिताना आधी. म्हणून आधी काना पक्का करा, मग दुसरी वेलांटी, मग पहिली. रोज पंधरा मिनिटं. नुसत्या गोष्टी ऐकून प्रत्येक मूल वाचायला लागत नाही.

केशरी
न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली होती. अकराव्या वर्षापर्यंत त्यांच्या वाचनात फरक उरला नव्हता. उगीच घाबरवू नका.

तर्कट
तो अभ्यास गटाच्या सरासरीबद्दल बोलतो. ताईंची मुलगी सरासरी नाही, एक मुलगी आहे. शिवाय उशिरा सुरू झालं तरी त्या मुलांना शिकवलं गेलंच ना?

भटक्या
अवांतर: कायदा पाहिलात का? जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरशिक्षण चालत नाही. फ्रान्समध्ये नुसतं कळवून भागायचं, सप्टेंबर २०२२ पासून आधी परवानगी लागते. जिथे राहता तिथलं बघून घ्या, बदली झाली की सगळं नव्याने पाहावं लागतं.

पाऊलवाट
@भटक्या, आमच्याकडचं तपासलं आहे, आभार.
@निळी शाई, संच घेणार नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.
@तर्कट, यमकं तिला ऐकू येतात, स्वतःही जुळवते. 'कागद'चा खेळ आजच खेळलो. 'गद' म्हणाली आणि मग घरातल्या प्रत्येक वस्तूचं पहिलं अक्षर उडवत सुटली. मात्रांवर मात्र अडते हे खरं. कान-डोळे तपासून घेते.

सांगोपांग
माझा सल्ला एकच, आणि त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. वाचून दाखवा आणि मुलाकडून परत सांगून घ्या.

शार्लट मेसन या इंग्लिश बाईंनी (१८४२–१९२३) ही गोष्ट शिक्षणाच्या मधोमध ठेवली. चांगल्या भाषेतलं, जीव ओतून लिहिलेलं पुस्तक घ्यायचं. एक प्रसंग एकदाच वाचायचा, दुसऱ्यांदा नाही. मग पुस्तक मिटून 'आता तू सांग' म्हणायचं आणि गप्प बसायचं. मध्ये दुरुस्ती नाही, प्रश्न नाहीत, 'यातून आपण काय शिकलो' तर मुळीच नाही. एकदाच वाचणार हे कळलं की मूल कान देऊन ऐकतं. सांगताना त्याला क्रम लावावा लागतो, शब्द शोधावे लागतात, काय महत्त्वाचं ते ठरवावं लागतं. पुढे लिहिताना लागतं ते सगळं इथे तोंडी तयार होतं. माझ्या मुलीने दहाव्या वर्षापर्यंत एकही निबंध लिहिला नव्हता. लिहायला बसली तेव्हा पानं भरली.

सुरुवातीला एकच परिच्छेद वाचा. थोरली दोन वाक्यं बोलली तरी पुरे. सहाच्या आतल्या मुलाकडून सांगून घेऊ नये असं बाईंचं स्पष्ट म्हणणं होतं, तेव्हा धाकट्याला मागू नका. तो आपणहून बाहुल्या घेऊन गोष्ट करून दाखवेल, ती बघा. धडे पंधरा-वीस मिनिटांचे. डोक्याच्या कामानंतर हाताचं काम, मग गाणं, मग पुन्हा पुस्तक. दोन तास पुरून उरतात.

वाचनवेडी
उशिराबद्दल क्षमस्व. सांगोपांग यांनी लिहिलंच आहे, तरी पुन्हा सांगते: वाचून दाखवा, वाचून दाखवा! मूल स्वतः वाचू लागलं तरी थांबवू नका. त्याला स्वतःला जे वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी अवघड ते ऐकून समजतं, आणि तिथूनच भाषा वाढते. वाचनालयाचा माझा अनुभव मात्र वाईट. चांगली बालपुस्तकं कपाटात कुलूपबंद, का तर मुलं फाडतात म्हणून!

चित्रं बघण्याबद्दल कुणी बोललंच नाही. मेसनबाईंच्या शाळांत एका सत्रात एकाच चित्रकाराची सहा चित्रं बघायची पद्धत होती. चित्र शांतपणे बघायचं, मग पालथं घालून आठवेल ते सांगायचं. माझा मुलगा जपानी चित्रकार होकुसाईची लाट बघून म्हणाला, 'होड्यांतली माणसं वाकलीत, लाटेला नमस्कार करतायत.' मला तोवर माणसं दिसलीच नव्हती. यासाठी पुस्तक घेऊ नका. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली हजारो चित्रांच्या प्रतिमा वापरायला मोकळ्या केल्या, अॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाच्याही उतरवून घेता येतात. एक चित्र छापायचं आणि आठवडाभर भिंतीवर.

आणि एक तक्रार. सगळी परदेशी नावंच का? गिजुभाई बधेका १९२० साली भावनगरला बालमंदिर काढून गोष्टी, गाणी, नाटकं यांतूनच शिकवत होते. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तिथे संगीत आणि चित्र तोंडी लावायला नव्हतं.

सांगोपांग
गिजुभाईंबद्दल आदरच आहे, पण ते स्वतः मॉन्टेसोरीबाईंचं वाचून या वाटेला लागले. चांगलं ते कुठूनही घ्यावं, हे त्यांनीच दाखवलंय.

सप्तक
गाण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. आम्ही मोठा कीबोर्ड घेतला, चांगल्या वजनदार पट्ट्यांचा, आणि मुलगी सुंदर वाजवते. परवडत नसेल तर गळा आहेच. हंगेरीचे संगीतकार कोडाय यांचं सांगणंही तेच, आधी गाणं, वाद्य नंतर. आठवड्याला एक गाणं, ताल टाळीने आणि पावलांनी. कविता अशाच पाठ होतात, घोकाव्या लागत नाहीत. आणि ज्या मुलांना मात्रा अडतात त्यांनी तर म्हणावंच: पाठ असलेलं गाणं समोर लिहिलेलं दिसलं की बोट ठेवून वाचता येतं.

तर्कट
बोट ठेवून म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे. पण सराव म्हणून चांगलं आहे, ते मान्य.

गणगोत
गणित: रंगीत पट्ट्या. बेल्जियमच्या क्विझनेअर नावाच्या शिक्षकांनी केल्या. एक ते दहा सेंटिमीटर, प्रत्येक लांबीला ठरलेला रंग. आम्ही लाकडी घेतल्या, सर्वोत्तम खरेदी. जाड पुठ्ठ्याच्याही होतील, फक्त माप काटेकोर हवं. पाच बनवायच्या किती रीती, हे मूल रांगा लावून स्वतः शोधतं. पण गोष्टींतून गणित होईल या भरवशावर राहू नका. त्याला रोजची वेगळी वेळ द्या.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं ते असं.

रंग आत्ता कुठलेच घेत नाही, पोस्टरही नाहीत आणि मेणाचेही नाहीत. पहिले काही महिने मूर्तीकामाची माती आणि कोळशाच्या कांड्या. दोन्ही मुलांचे हात सारखे कशाततरी असतात, आणि मातीतला हत्ती चारी बाजूंनी बघावा लागतो, हे मला फार पटतंय.

खूप पुस्तकांऐवजी एकच मोठं पुस्तक, सत्रभर, दोघांना एकत्र. सांगायची पाळी दोघांची. चार वर्षांचा आधीच ताईच्या वाक्यात आपलं वाक्य घुसवतो, त्याला थांबवणार नाही.

वाचनाचं असं: मुलगी गोष्ट सांगेल, मी तिच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहून घेईन, दुसऱ्या दिवशी तेच तिचं वाचन. त्यातलेच शब्द घेऊन पंधरा मिनिटं मात्रा, तर्कट यांच्या क्रमाने. पट्ट्या पुठ्ठ्याच्या करतोय, गणिताला वेगळी वेळ ठेवली आहे.

सांगोपांग
चार वर्षांच्याला सांगायला लावू नका, पुन्हा सांगतो. आणि एकच पुस्तक मध्येच कंटाळवाणं झालं तर काय कराल?

पाऊलवाट
सोडून देऊ आणि दुसरं घेऊ. वाचनालयाचंच आहे.

तर्कट
तिच्याच वाक्यांतून वाचन ही कल्पना आवडली. एक काळजी घ्या. स्वतःची गोष्ट ती आठवणीने म्हणून टाकेल. वाक्यं कापून, शब्द उलटसुलट मांडून वाचून घ्या. मगच कळेल वाचतेय की आठवतेय. सहा महिन्यांनी मात्रा तशाच अडत असतील तर थांबू नका, दाखवा.

केशरी
मेणाचे ठोकळे निदान वाढदिवसाला तरी घ्याच. व्यनि केला आहे.

कुंचला
माती उत्तम. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, कोरडी पडली तर पाणी शिंपडून पुन्हा मळा. काम करताना जाड पुठ्ठा किंवा फळी खाली घ्या. हात, पाय, सोंड वेगळी करून चिकटवली की वाळताना गळून पडते. म्हणून एकाच गोळ्यातून ओढून काढायला शिकवा, किंवा जोडायच्या दोन्ही जागा ओरखडून मातीचं पातळ पाणी लावायला सांगा. कोळशाची चित्रं एकावर एक ठेवू नका, मध्ये साधा कागद घाला. आणि प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घाला.