कोकमाचा धंदा: विक्री आहे, पण जूनमध्ये हातात पैसा उरत नाही

भिरंड_डिचोली:
नमस्कार. डिचोली तालुक्यात आमचं कोकमाचं छोटं युनिट आहे. कामाला तीन बायका. आगळ (कोकमाचा मिठातला रस), अमृत कोकम (साखरेच्या पाकातलं सरबत) आणि सुकी सोलां (वाळवलेल्या साली) असा माल असतो. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, थोडी घरच्या कुळागरातली (बागेतली), बाकीची सत्तरीतून येतात.

माल तीन ठिकाणी जातो. कळंगुट-कांदोळी भागातल्या दुकानांत अर्ध्या लिटरच्या बाटल्या, दोन हॉटेलांना आगळाचे पाच लिटरचे कॅन, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पसरा मांडून विक्री. विक्री दरवर्षी थोडी वाढते, तरी जून ते सप्टेंबर पगार आणि साखरेचं बिल भागवताना ओढाताण होते. हॉटेलांचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. दुकानदार काही बाटल्या परत करतात: रंग तपकिरी झालेल्या, झाकणाला गंज धरलेल्या. पावसात सोलांना बुरशी येते.

बाटल्या भरायचं मशीन कर्ज काढून घ्यावं, की सोबत काजूगर पॅक करून विकावेत, असं घरात चाललंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

वहीखातं:
मशीन सध्या बाजूला ठेवा. तुमची अडचण बाटल्या भरण्याच्या वेगाची नाही, पैसा कुठे अडकतो त्याची आहे.

भिरंडं एप्रिल-मेमध्ये येतात आणि पहिल्या पावसाबरोबर संपतात. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल सहा-आठ आठवड्यांत, बहुतेक रोखीने घ्यावा लागतो. त्याच वेळी पर्यटक आपापल्या गावी परततात, जूनपासून किनाऱ्यावरची अर्धी दुकानं मंदावतात आणि हॉटेलांकडचे मार्चचे पैसे अजून यायचे असतात. मशीनचं मुदत कर्ज घेतलंत तर दरमहा सारखा हप्ता जुलैतही भरावा लागेल. हंगामी धंद्याला ते झेपत नाही.

मागायचंच तर बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा मागा. वापराल तेवढ्याच रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज. छोट्या उद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल धरायची पद्धत आहे, आणि सूक्ष्म-लघु उद्योगाकडून ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फाईल जानेवारीत द्या, म्हणजे मार्चअखेर मर्यादा मंजूर होऊन एप्रिलला भिरंडं येताना पैसा हाताशी असेल. मेमध्ये अर्ज केलात तर पैसा मिळेपर्यंत हंगाम गेलेला असतो. पिंपातलं आगळ बँकेला साठा म्हणून दाखवता येतं. दर महिन्याला किती लिटर, किती किमतीचं, याचं पत्रक द्यावं लागतं. मात्र ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सहसा धरत नाहीत. म्हणजे हॉटेलांकडे अडकलेले पैसे इथेही तुमच्या उपयोगाचे नाहीत.

आता प्रत्येक गिऱ्हाईक किती कमावून देतं ते वेगवेगळं काढा. आकडे उदाहरणाचे घेतो, जीएसटी बाजूला ठेवून. तुम्ही तुमचे घाला.

अर्ध्या लिटरची बाटली: आगळ २२ रुपये, बाटली-झाकण ११, लेबल ३, खोक्याचा वाटा ३, मजुरी ९, सांडलवंड २, वाहतूक ४, भाडं-वीज-परवाने मिळून ८. एकूण ६२. छापील किंमत ११० असेल आणि दुकानदार २५ टक्के घेत असेल तर तुम्हाला ८२.५० मिळतात, सुटतात २०.५०. पण शंभरातल्या पाच बाटल्या परत आल्या आणि फेकाव्या लागल्या, तर ९५ बाटल्यांचे १,९४७ मिळाले आणि ३१० बुडाले. बाटलीमागे उरले साधारण १६.

हॉटेलचा पाच लिटरचा कॅन: आगळ २२०, कॅन ४५, लेबल ३, मजुरी ३०, वाहतूक १२, वरखर्च ४०, एकूण ३५०. भाव ४०० मिळाला तर सुटले ५०. पैसे ९० दिवसांनी आले आणि पैशाचा भाव वर्षाला १२ टक्के धरला तर व्याजाचेच १२ जातात. उरले ३८, म्हणजे अर्ध्या लिटरमागे चार रुपयांहून कमी. मोठी ऑर्डर म्हणून हॉटेलाचं कौतुक होतं, पण तुमचं सर्वांत बारीक नफ्याचं गिऱ्हाईक तेच असू शकतं.

म्हापशाचा पसरा: पूर्ण ११० हातात, रोख किंवा क्यूआरने. दुकानवाहतुकीचे चार वजा केले तर खर्च ५८, सुटतात ५२. जाणं-येणं, जागा आणि माणसाचा रोज मिळून दिवसाचे १,२०० धरले तर २४ बाटल्या विकल्यावर दिवसाचा खर्च निघतो. त्यापुढची प्रत्येक बाटली निव्वळ.

दोन-तीन महिने अशी तीन पानं वेगळी ठेवा: दुकानं, हॉटेलं, बाजार. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं एकच असेल तर आधी चालू खातं उघडा, नाहीतर हे आकडे कधीच जुळणार नाहीत.

आंबटगोड:
वरचा हिशेब योग्य आहे, पण परत येणाऱ्या बाटल्या ही नशिबाची गोष्ट नाही. त्या जवळजवळ बंद करता येतात.

गंज: आगळात आंबटपणाही तीव्र आणि मीठही भरपूर. पत्र्याचं झाकण आतून लाख लावलेलं असलं तरी आटे पडतात तिथली लाख सोलते आणि गंज तिथूनच सुरू होतो. आगळाला पॉलिप्रोपिलिनचं झाकण आणि आत फोमची चकती वापरा. ॲल्युमिनियमचं भांडं, लोखंडी पळी कुठेच नको. गाळणीसुद्धा स्टीलची किंवा नायलॉनची. भरल्यावर बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसून, मग कोरड्या फडक्याने पुसून झाकण लावा. आट्यांवर राहिलेला एक थेंब पुढे मिठाचा थर होतो आणि झाकण गळायला लागतं. भरलेली खोकी एक रात्र बाटल्या आडव्या करून ठेवा. गळणारी बाटली तुमच्या शेडमध्येच सापडेल, दुकानात नाही.

तपकिरी रंग: कोकमाचा लाल रंग उजेड आणि उष्णता दोन्हींना टिकत नाही. किनाऱ्यावरच्या दुकानांत बाटल्या काचेच्या दर्शनी भागात उन्हात रचतात, कारण तिथे त्या सुंदर दिसतात. दोन महिन्यांत रंग जातो. दुकानदाराला दर्शनी भागासाठी दोनच बाटल्या द्या, बाकी खोक्यात आत. एका वेळी महिन्याभराच्या विक्रीपेक्षा जास्त माल ठेवू नका. आणखी एक: सल्फाइटवाला परिरक्षक, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, हा रंग फिका करतो. अमृत कोकमाला परिरक्षक घालत असाल तर सोडियम बेंझोएट, तेही ठरलेल्या मर्यादेत, आणि लेबलवर आयएनएस २११ असा उल्लेख करून.

अमृत कोकम फसफसत असेल तर साखर कमी पडतेय. डोळ्यांनी तार बघून ठरवू नका, हातातला रिफ्रॅक्टोमीटर (पाकातली साखर मोजायचं उपकरण) घ्या. ० ते ९० ब्रिक्स (साखरेच्या प्रमाणाचं माप) मोजणारा हवा. ० ते ३२ वाला पाकाला चालत नाही. थंड झालेल्या पाकाचं माप ६५ च्या खाली दिसलं तर ती बॅच भरू नका. गरम पाक साध्या पेट (प्लास्टिकच्या) बाटलीत ओतलात तर बाटली आकसते आणि झाकण नीट बसत नाही. गरम भरायचं तर काच, पेटमध्ये भरायचं तर पाक आधी गार करून. मशीन घेण्याआधी हा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, खर्च मशीनच्या मानाने अगदी किरकोळ.

सोलां: वरून कोरडी लागतात, आत ओल असते. मूठभर सोलां काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर आतून दव दिसलं तर अजून वाळवायची गरज आहे. जूननंतर पॅकिंग करायचं असेल तर सकाळी पाऊस थांबला म्हणून दार उघडं टाकून बसू नका. मोठी पिशवी एकेक करून उघडा, लगेच छोट्या पिशव्या सील करा. शक्यतो मेच्या अखेरीसच सगळी सोलां सीलबंद व्हावीत. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवणीची) खरेदीही तेव्हाच असते, त्यामुळे एक किलोची पाकिटं त्या दिवसांत जास्त काढा. पर्यटकाला १०० ग्रॅमचं लागतं.

लेबलवर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, घटक उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यं, बॅच, तारखा, हिरवा ठिपका हे असतंच. लोक विसरतात ते वजनमापाचं: सर्व करांसह किंमत, दर मिलिलिटरमागची किंवा ग्रॅममागची किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. म्हापशाच्या पसऱ्यावरच्या काट्याचा शिक्का मुदतीतला आहे ना, तेही बघा.

सांगेकर_सीए:
हॉटेलांच्या उधारीबद्दल. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंट लागत नाही. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे किती दिवसांत द्यायचे हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात ठरलेलं आहे. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांवर नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवस. सगळीकडे ४५ चाच आकडा सांगितला जातो, तो करार असेल तरच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं.

हॉटेलाच्या अकाउंट्स विभागाला हे व्याज भीती घालत नाही, आयकर घालतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे बिलाच्या वरच्या बाजूला उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म उद्योग, उत्पादक' ही ओळ ठळक छापा आणि फेब्रुवारीत थकबाकीचं पत्रक त्यांना पाठवा. मार्चअखेर त्यांच्या ऑडिटरलाच ते हवं असतं.

मर्यादाही लक्षात घ्या. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ खरेदी-विक्रीला नाही. तुम्ही काजूगर आणून हॉटेलाला विकलेत तर त्या बिलावर हा नियम लावता येणार नाही, म्हणून एकाच बिलात दोन्ही घालू नका. नोंदणी माल देण्याआधीची हवी. मागच्या बिलांवर वाद होतो.

काजूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. गोव्यातले कारखाने आफ्रिकेतून आणलेली बीही फोडतात, त्या भावाशी पाकीटवाला टिकत नाही. गोवा काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते आणि गर इथल्याच बियांचे असावे लागतात. शिवाय त्यात पैसा पुन्हा फेब्रुवारी-मेमध्येच अडकणार, म्हणजे भिरंडांच्याच तोंडावर.

भिरंड_डिचोली:
देव बरें करूं सगळ्यांना. उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर कधी छापली नाही. एक शंका: हॉटेलं लेखी करार करत नाहीत, ऑर्डर शेफ व्हॉट्सॲपवर देतो. मग काय धरायचं? आणि जास्त ताणलं तर ऑर्डर जाईल ही भीती आहेच.

सांगेकर_सीए:
करार नाही म्हणजे १५ दिवस. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तो दिवसच स्वीकारल्याचा दिवस धरतात. म्हणून डिलिव्हरी चलनावर स्टोअरकीपरची सही, शिक्का आणि तारीख घ्याच. शेफची तोंडी पोच चालत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, पण ऑर्डर ईमेलने किंवा पर्चेस ऑर्डरने (पीओ, म्हणजे लेखी खरेदीपत्र) मागा. पीओ नंबर नसलेलं बिल अकाउंट्समध्ये पडून राहतं; निम्मा उशीर तिथेच होतो. महिन्याचं एकत्र बिल न करता प्रत्येक डिलिव्हरीचं बिल त्याच दिवशी द्या.

सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार हा शेवटचा उपाय, संबंध संपले असं समजूनच करावा.

वहीखातं:
ऑर्डर जाण्याच्या भीतीवर दोन आकडे द्या. हॉटेलाला सांगा: कॅन ४०० रुपये, १५ दिवसांत पैसे, ४५ दिवस हवे असतील तर ४१५ आणि तसं लेखी. त्यासोबत मर्यादा ठरवा: दोन बिलं थकली की तिसरी डिलिव्हरी रोखीवर. हे ऑक्टोबरमध्ये, हंगामाच्या सुरुवातीला ठरवा. मार्चमध्ये सांगितलंत तर त्यांना तुमची गरज उरलेली नसते.

दोनपैकी एकाने नकार दिला तर त्याचं आगळ पिंपातच राहू द्या. मिठातलं आहे, नीट झाकलं तर खराब होत नाही. डिसेंबरात ३ तारखेचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि पुढे म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा आहे. तिथे तेच आगळ अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत रोखीने काढा. त्यासाठी रिकाम्या बाटल्या आणि झाकणं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणून ठेवा.